शंखावरचे म्हातारे राजे

चंचलचं लग्न झालं ते साल दोन हजार सोळा. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर लगेचचा होता आणि पोरीबरोबर द्यायच्या गाद्या-रजया अजून व्हायच्या होत्या. घरचा कापूस सरकी काढून पोत्यांत भरून ठेवलेला होता. तिच्या आईनं, वच्छलानं, मूल गावी निरोप धाडला आणि तिथून बशीर पिंजारी आला.

तोवर मूलमध्ये पिंजायची यंत्रं आली होती. बशीरच्या पोरानं, वाजिदनं, बसस्टँडच्या मागे तसं दुकानच टाकलं होतं. माणूस चहा पिऊन येईतो तिथं पोतंभर कापूस पिंजून तयार. पण यंत्रानं कापसाचा जीव जातो, असं मुखरूचं म्हणणं. मुखरू म्हणजे वच्छलाचा नवरा. एकुलत्या एका लेकीची गादी कमानीवरच्या कापसाचीच पाहिजे, असा हट्ट धरून बसला. म्हणून म्हातारा बशीर आपली पिंजायची, माणसाहून लांब कमान घेऊन बसनं आला. कंडक्टरनं ती आत घेऊ दिली नाही, मागच्या शिडीला बांधावी लागली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिची ताणलेली तात आपोआप वाजत होती आणि पोंभुर्ण्याच्या स्टँडवर लोक खाली वाकून बसचं चाक पाहत होते, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं. मुखरू पोट धरून हसला. दोघांचं तिथूनच जमलं.

बशीरची कामाची एक रीत होती. पिंजताना तो बोलत नसे. तोंडाला फडकं बांधलेलं आणि तात वाजत असलेली, बोलणार कसा. पण कापूस खोळीत भरून, काठीनं सारखा करून तो टाके घालायला बसला की गोष्ट सुरू व्हायची. एका रजईला एक राजा. सुई खाली जाई, वर येई आणि राजा वाढत जाई, लढे, घाट बांधी, म्हातारा होई. शेवटचा टाका पडून गाठ बसली की राजा संपला. मग पुढचं कोणी कितीही विचारो, बशीर दातानं दोरा तोडायचा आणि म्हणायचा, पुढचा राजा पुढच्या रजईत.

गोष्ट त्याच्या घरची नव्हती, पुस्तकातली होती. बशीर आणि त्याची बायको सुरय्या, दोघंही लेकरं मोठी झाल्यावर साक्षरतेच्या वर्गात बसून अक्षरं शिकले. अक्षर आलं तशी वाचायची भूक आली, आणि त्याच दिवसांत त्यांना रद्दीत एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्याला कव्हर नव्हतं, लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, आणि शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. सगळा कल्पनेचा कारभार आहे, असं बेट जगाच्या पाठीवर कुठं नाही, हे बशीर आधीच सांगून टाकायचा. तरी ते लिहिणाऱ्यानं खऱ्या इतिहासासारखं लिहिलं होतं. कोणामागं कोण गादीवर आला, कोणाची राणी कुठली, दुष्काळ कधी पडला, सगळं नावनिशीवार. नवरा-बायकोनं ते पुस्तक इतक्या वेळा वाचलं की पानांचे कोपरे झडले. सुरय्या वारल्यावर बशीरनं ते पुन्हा उघडलं नाही. उघडायची गरजच नव्हती.

बेटाचं नाव शंखावर. लग्नाच्या पहिल्या रजईला बशीर घरापुढच्या सपरीत सुई ओवून बसला आणि म्हणाला, "पहिल्याच पानावर लिहून हाये का शंखावर बुडालं. आता तिथच्या महालाइतून मासे फिरून राह्यले."

"कोणते मासे?" मुखरूनं विचारलं. "मरळ का झिंगे?"

बशीरची सुई थांबली. पुस्तकात माशांची जात दिलेली नाही, हे त्याला कबूल करावं लागलं.

"मंग तो लिहिणारा तलावात उतरलाच नसन कधी," मुखरू म्हणाला, आणि मांडवाला आणलेले बांबू तसेच अंगणात टाकून ऐकायला बसला.

मुखरूला पाण्याचं कळायचं. गावामागं जुना तलाव आहे. त्याच्या मातीच्या पाळीच्या पोटातून एक दगडी भोक शेतांकडं निघतं, त्याला तुडूम म्हणतात. तुडुमात आतल्या बाजूनं लाकडाचं मोठं बूच ठोकलेलं असतं. धान पोटरीत आलं आणि पाऊस रुसला की कोणीतरी तलावात बुडी मारून ते बूच उपटायचं, म्हणजे पाणी धानाच्या बांध्यांमध्ये जातं. हे काम मुखरूच्या घराकडं बापजाद्यांपासून होतं. श्वास धरून तो खाली गेला की पाळीवरचे लोक गप्प होत, आणि तो वर आला की पलीकडच्या कालव्यात पाणी वाजू लागे.

लग्नाच्या रजयांमध्ये पहिले राजे होऊन गेले. पहिला राजा लढाईत हरून, माणसं गलबतांत भरून समुद्रावर भटकत होता. समुद्राला दया आली. त्यानं आपल्या पोटातली जमीन वर काढून दिली. पण देताना सांगितलं की जमीन माझी आहे, तुम्हाला वापरायला देतो. राजाचे केस पिकले की त्यानं आपल्या हातानं मुकुट काढून लेकाच्या डोक्यावर ठेवायचा, घाटाच्या पायऱ्या उतरायच्या आणि माझ्यात यायचं. मी हाक मारणार नाही, ज्याचं त्यानं ओळखायचं. एवढं पाळलं तर बेट राहील. पहिल्या राजानं पाळलं, त्याच्या लेकानं पाळलं, नातवानं पाळलं. लग्नाला निघाल्यासारखे ते पायऱ्या उतरत, असं पुस्तकात लिहिलं होतं.

चंचल हळदीच्या आधीची, उगाच इकडं तिकडं करणारी. तिनं विचारलं, मग राण्या काय करत? बशीर म्हणाला, राण्या दिवा सोडत आणि घरी जात. चंचल म्हणाली, मी तर नाही जाऊ देणार बापा, हात धरून ठेवीन. वच्छलानं तिला तिथंच झापलं. लग्नघरात असलं बोलू नये म्हणाली.

चंचल नागभीडला नांदायला गेली. गाद्या-रजया रेल्वेच्या ब्रेकच्या डब्यातून गेल्या. घरात दोघंच उरले, त्यांना किती रजया लागणार? पण पुढच्या वर्षी दिवाळी झाली तशी मुखरूनं स्वतःची धडधाकट रजई उसवून कापूस मोकळा केला आणि मूलला निरोप दिला. वच्छला म्हणाली, चांगली रजई फाडली, माणसाला वेड लागलं. त्याला वेड राजाचं लागलं होतं. बशीर आला, कापूस पिंजला आणि टाक्यांना बसला.

त्या साली ज्याची गोष्ट आली त्या राजाचे केस पिकले होते. तो मुकुट काढून घाटावर गेला, शेवटच्या पायरीपर्यंत उतरला, आणि त्याच्या राणीनं मागून त्याचा हात धरला. फक्त आजचा दिवस, म्हणाली. राजा परत आला. समुद्र काही बोलला नाही. हाक मारायची नाही असं त्याचंच वचन होतं. दुसऱ्या दिवशी राणी पुन्हा तेच म्हणाली.

"अन् मुकुट?" मुखरूनं विचारलं.

"मुकुट लेकाच्या डोक्यावर गेलता. आता राजे दोन झाले. एक बसणारा, एक झोपणारा."

त्याच्या पुढच्या साली, भादव्यात, मुखरू तुडुमाचं बूच काढायला बुडाला. बूच निघालं. तो वर आला, पाळीवर बसला, आणि पंच्यानं तोंड पुसायला गेला तर हात उचलेना. तोंड एका बाजूला गेलं होतं. पलीकडं कालव्यात पाणी वाजत होतं म्हणून लोकांना वाटलं, झालं काम, सगळे उठून आपापल्या बांध्यांकडं गेले. तो तिथं बराच वेळ एकटा बसून होता.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की अर्धं अंग गेलं आहे, वर्षभर काढतील. वच्छलानं त्याला घरी आणलं, सपरीत खाट टाकली. बोलणं गेलं. काही सुटे शब्द राहिले, तेही सगळ्यांना कळत नसत. वच्छलाला कळायचे. तिनं शेत बटईनं दिलं आणि त्याचं करायला लागली. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, गादी उन्हात टाकायची. पडून असलेल्या माणसाच्या गादीतला कापूस वर्षात दगड होतो. त्यामुळं बशीरला बोलवायला आता निमित्त लागत नव्हतं.

बशीर आला तेव्हा खाटेवरच्या माणसाकडं पाहून तो कमान भिंतीला टेकवायची विसरला, धरूनच उभा राहिला. मग म्हणाला, "काय मुखरूभाऊ, काऊन झोपून राह्यले? राजा लेटला का?"

मुखरूच्या चांगल्या बाजूचा ओठ वर गेला. वच्छलानं ते पाहिलं. भादव्यापासून त्या चेहऱ्यावर हसू आलं नव्हतं.

गाठ बसेपर्यंत तो ऐकत राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा ऐकलं, आणि त्याच्या पुढच्या. डॉक्टरचं वर्ष केव्हाच उलटलं होतं. वच्छलाच्या लक्षात एक गोष्ट येत गेली. पावसाळ्यात मुखरूचं खाणं सुटायचं, डोळे आत जायचे, चंचल नागभीडहून येऊन आईच्या गळ्यात पडून रडून जायची. दसरा झाला की तो पुन्हा घास मागू लागायचा. दुपारच्या बसचा हॉर्न वाजला की मान दाराकडं वळवायचा. बशीर येऊन राजा सांगून गेला की पुढं बरेच महिने बरे जात. वच्छलानं हे कोणाला सांगितलं नाही. पण मनात पक्कं बसलं, की हा माणूस भातावर जगत नाही, औषधावर जगत नाही, राजावर जगतो. राजे आहेत तोवर हा आहे.

आणि शंखावरही तसंच झालं होतं. राणीनं एकाला थांबवलं, मग कोणीच जाईना. प्रत्येक राजा मुकुट लेकाला देऊन आत जाऊन निजायचा. वैद्य आले, काढे आले. महालात ओळीनं पलंग लागले. बापाच्या शेजारी लेक, लेकाच्या शेजारी नातू, सगळे पांढरे, सगळे जिवंत, कोणी उठत नव्हतं आणि कोणी जात नव्हतं. त्यांच्या राण्या उशाशी बसून चमच्यानं पाणी घालत. बेटावर धान पेरायला माणसं उरली नाहीत, सगळी म्हाताऱ्या राजांचं करण्यात गुंतली. हे सांगताना बशीर मान वर करत नसे. वच्छला चुलीपाशी बसून ऐके आणि तिला काहीच वाटत नसे. वाटायचं तिचं बंद झालं होतं. पलंगांची गोष्ट ऐकता ऐकता ती उठून मुखरूची कूस बदलायची आणि परत येऊन बसायची.

कोरोनाच्या साली बशीर तोंडाला फडकं बांधून आला. पिंजाऱ्याला फडक्याची सवय, म्हणाला, आता सगळी दुनियाच पिंजारी झाली. त्या साली त्यानं शेवटच्या राजाची गोष्ट धरली. या राजाला समुद्राची भीती वाटू लागली. देणेकरी दारात बसावा तसा समुद्र घाटावर बसलेला. म्हणून त्यानं बेटाच्या चारी बाजूंनी पाळ बांधायला घेतली. पाळ चढत गेली. समुद्रही बाहेर चढत गेला. शेवटी बेट खाली आणि पाणी वर, मधे नुसती पाळ, अशी गत झाली. गाठ मारून बशीर म्हणाला, पुस्तक इथं संपलं. पुढचं वाळवीनं खाल्लं. पण मुखरूचा चांगला हात चादर ओढत राहिला तेव्हा तो म्हणाला, बरं भाऊ, पुढच्या रजईला मी शेवट जोडून आणतो. बुडालं तर नक्की, पहिल्याच पानावर लिहून आहे. कसं बुडालं तेवढं आपण ठरवू.

ते वर्ष मुखरू वाट पाहत जगला.

दिवाळी झाल्यावर बशीर आला तेव्हा वच्छला त्याला बस थांब्यावरच भेटली. मग घरामागं, जिथं गादी वाळत टाकायची तिथं त्याला थांबवून म्हणाली, "बशीरभाऊ, ते बेट बुडवू नका."

बशीरला आधी कळलं नाही. तिनं सगळं सांगितलं. दसऱ्यानंतरचा घास, हॉर्नला वळणारी मान, डॉक्टरचं उलटलेलं वर्ष. बशीर ऐकून कमानीच्या तातेवरून अंगठा फिरवत उभा राहिला.

"बाई, कहाणी अधुरी ठेवू नाई. आमच्यातबी नाई ठेवत, तुमच्यातबी नाई ठेवत. अन् बीमार माणसाजवळ तर नाईच."

"ठेवा."

"तो वाट पाहून राह्यला बाई."

"वाट पाहाले पाह्यजे म्हणूनच म्हणतो मी," वच्छला म्हणाली.

बशीरनं तिचं ऐकलं. तिच्या घरचं खात होता इतकी वर्षं, आणि त्याचीही बायको गेलेली होती. तो टाक्यांना बसला आणि त्यानं तिसऱ्या राजाची गोष्ट धरली, लग्नाच्या रजईतली, गलबतं बांधणाऱ्या राजाची. पहिले टाके पडेतो मुखरू ऐकत होता. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. बशीर सांगत राहिला, सुई वर-खाली होत राहिली, आणि गाठ मारताना त्याच्या बोटाला सुई टोचली. जेवायला थांबला नाही. संध्याकाळच्या बसनं गेला.

पुढच्या साली दिवाळी झाली, वच्छलानं निरोप धाडला नाही. बशीर आपणहून आला नाही. मुखरू दुपारच्या हॉर्नला मान वळवायचा, मग तेही त्यानं सोडलं.

पडून पडून त्याची पाठ फुटली, जखमा चिघळल्या. घास गालात तसाच राहू लागला. पाणी घशाखाली उतरेना. रात्रंदिवस नुसता श्वास चाललेला, करवतीसारखा, आत-बाहेर. दोन महिने असे गेले. शेजारचा लच्छू, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, रोज येऊन खाटेपाशी बसायचा. तो एक दिवस म्हणाला की वच्छला, याला खाली घे. गादीवर जीव जात नाही, कापूस धरून ठेवतो. जमीन लागू दे पाठीला. आणि याची कुठली कहाणी अधुरी राहिली ती पुरी करून टाक, श्वास तिच्यात गुंतला आहे. गावात हे सगळ्यांना माहीत झालं होतं.

वच्छला म्हणाली, थंडी आहे, खाली कशाला.

चंचल आली. बापाची पाठ पाहून बाहेर जाऊन ओकली. परत येऊन आईला म्हणाली, "आई, सोड न वं आता." वच्छला चमच्यानं मुखरूच्या ओठांत पाणी घालत होती. ते बाजूनं गळत होतं. ती पुसायची आणि पुन्हा घालायची. चंचल तिच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, लग्नाच्या वेळी मीच म्हटलं होतं, हात धरून ठेवीन म्हणून. वच्छलाला ते आठवत होतं. आठवून काही झालं नाही.

संक्रांत झाली. तिच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी वच्छला खाटेखाली घाण टिपायला पसरलेली राख भरत असताना मुखरूनं तिच्या पदराला हात लावला. चांगला हात, पण आता त्यालाही जोर नव्हता. ती वर झाली. तो तिच्याकडं पाहत होता. बरेच महिने त्यानं एकही शब्द काढला नव्हता. जीभ जड, ओठ फाटलेले, पण त्यानं सावकाश, नीट म्हटलं.

"बुडव."

वच्छलानं राखेची पाटी बाहेर नेऊन उकिरड्यावर टाकली. हात धुतले. मग लच्छूच्या नातवाच्या मोबाइलवरून मूलला वाजिदच्या दुकानात फोन लावायला सांगितलं, की तुझ्या बापाला म्हणावं वच्छलाबाईनं बोलावलं आहे, कमान आणू नको म्हणावं, सुई आण.

बशीर शुक्रवारची नमाज पढून दुपारच्या बसनं आला. खूप थकला होता, चढ चढताना दोनदा बसला. वच्छलानं तोवर सपरीतली एक जागा शेणानं सारवून ठेवली होती. लच्छू, चंचल आणि ती, तिघांनी मिळून मुखरूला खाटेवरून उचललं. उचलायला तीन माणसं लागली नसती. त्याला खाली सारवलेल्या जागेवर घोंगडीवर निजवलं. जमीन लागली तसा त्याचा श्वास एकदा अडकला आणि पुन्हा चालू झाला.

बशीर त्याच्या उशाशी बसला. हातात सुई, पण शिवायला काही नव्हतं. तो वच्छलाकडं पाहू लागला.

वच्छलानं खाटेवरची रजई ओढून त्याच्या पुढं टाकली. "उसवा," म्हणाली. "टाके काढा."

बशीरला कळलं. त्यानं रजईची गाठ शोधली, आपल्याच हातची, आणि सुईच्या टोकानं पहिला टाका उचकला. दोरा ओढला. मग त्यानं गोष्ट धरली. दोन वर्षांपूर्वी जोडलेला शेवट होता त्याच्याजवळ. आभाळ काळं झालं, म्हणाला. समुद्र उठून उभा राहिला, ताडाएवढी लाट झाली, विजा कडाडल्या, आणि ती लाट पाळीवर…

मुखरूची बोटं हलली. जमिनीवर आडवी, एकदा, दोनदा. नाही.

बशीर थांबला. पुन्हा लाटेपासून सुरुवात करू लागला. बोटं पुन्हा हलली.

"माझ्याजवळ दुसरं नाई, भाऊ," बशीर हळूच म्हणाला. "पानंच नाईत."

मग वच्छला म्हणाली, "टाके काढत राहा. मी सांगतो."

ती मुखरूच्या पायांपाशी बसली होती. गोष्ट सांगायची तिला सवय नव्हती. बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी सांगू लागली.

"लाट नाई आली. लाट कायले येईन. पाळीले तुडूम होतं. ज्यानं पाळ बांधली त्यानं तुडूम ठेवलं असनच, त्याबिगर पाळ नसते. त्याले पाण्याच्या बाजूनं बूच होतं. शेवटच्या राजाची राणी होती, ते रोज राजाले पाणी पाजे. एक दिवस राजा म्हणला, आता पुरे. तिनं ऐकलं नाई. दुसऱ्या दिवशी म्हणला, तिनं ऐकलं नाई. असे लई दिवस गेले. मंग ते उठली अन् पाळीकडं गेली. श्वास धरला, बुडी मारली. बूच लई वर्षांचं फुगलं होतं, हालेच ना. तिनं पाय रोवले अन् ओढलं."

बशीरनं एक टाका काढला. दोरा लांब होत चालला होता.

"पाणी आलं. हळू आलं, धानात येते तसं. आधी अंगणात आलं. मंग महालात आलं. पलंगाच्या पायाले लागलं. मंग गाद्याइले लागलं. कापूस पाणी पिते, गाद्या जड झाल्या. म्हाताऱ्या राजाइच्या पाठीले गार लागलं. कितीक वर्षांत त्याइच्या पाठीले गार लागलं नवतं."

"ओरडले का कोणी?" लच्छूनं विचारलं.

"नाई. कायले ओरडतीन. एकेक जण पाण्यात उतरत गेला. आधी सगळ्यात म्हातारा. मंग त्याचा लेक. मंग नातू." ती थांबली. "शेवटी राणीचा राजा. तो पाण्यातला माणूस होता, त्याले भेव नवतं."

बशीरनं शेवटचा टाका काढला. रजईची खोळ सैल पडली आणि आतला कापूस एका बाजूनं वर आला.

"अन् राणी?" त्यानं विचारलं.

"राणी पाळीवर बसली," वच्छला म्हणाली. "तिले कुठी जाचं होतं."

मुखरूची बोटं हलली नाहीत. श्वास चालू होता, पण करवतीसारखा नव्हता आता. लांब लांब, मधे जागा सोडून. चंचलनं त्याच्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं, ते आत गेलं की नाही कळलं नाही. बशीरनं सुई खिशाच्या कडेला टोचून ठेवली आणि आपली टोपी काढून पुन्हा घातली. बाहेर संध्याकाळच्या बसचा हॉर्न वाजला. तो उठला नाही. बस गेली.

एका श्वासानंतर पुढचा आला नाही. ते आधी लच्छूच्या लक्षात आलं. वच्छलाच्या हातात मुखरूचा पाय होता, तिनं तो तसाच धरून ठेवला होता, मग खाली ठेवला. चंचलनं टाहो फोडला तसे शेजारपाजारचे धावत आले. वच्छला रडली नाही. तिनं रजईतला वर आलेला कापूस हातानं आत दाबला, तो पुन्हा वर आला, पुन्हा दाबला.

रात्रीचं नेत नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं. अमावास्या होती. तलावाच्या पाळीमागं जिथं जाळतात तिथं जाळलं. बशीर मागं मागं चालत गेला आणि लांब उभा राहिला. मेल्या माणसाच्या अंगाखालचा कापूस पिंजारी पुन्हा वापरत नाही. ती गादी आणि ती उसवलेली रजई त्यानं स्वतः डोक्यावरून नेली आणि चितेच्या बाजूला ठेवली. जाताना त्यानं वच्छलाला विचारलं की बाई, तुझ्यासाठी एखादी रजई भरून देऊ का, थंडी आहे. ती म्हणाली, नको.

मुखरू गुरनुले वारला तो शुक्रवार होता, वीस जानेवारी, साल दोन हजार तेवीस. बशीर शेख त्याच साली भादव्यात मूलला वारला. वच्छला आहे.